नांदेड-आदिलाबाद सीमा आणि आदिवासींचे मत

राज्यपुनर्रचनेचा इतिहास मराठीत बहुधा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या अंगाने लिहिला गेला आहे. मुंबई, बेळगाव, कारवार यांविषयी विपुल लेखन झाले. मराठवाड्याच्या पूर्व सीमेची आखणी त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वस्तुतः भाषिक तत्त्वाची कठीण कसोटी याच सीमेवर लागते. मराठी व तेलुगू या दोन भाषांच्या मधल्या या डोंगराळ प्रदेशात गोंडी व कोलामी बोलणारा आदिवासी समाज पूर्वापार राहत आला आहे. सीमा ठरत असता या समाजाला आपले मत मांडण्याचा कोणता मार्ग उपलब्ध होता, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम आखणीचे स्वरूप पाहू. न्या. फाजल अली, पं. हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांच्या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी आपला अहवाल सादर केला. आयोगाचा कल जिल्हा हाच घटक धरण्याकडे होता. १९५६ च्या कायद्याने मात्र हैदराबाद राज्याची विभागणी करताना तालुका व सर्कल येथपर्यंत वाटणी केली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आले. उलट नांदेड जिल्ह्यातील बिचकुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली. बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यास मिळाले. १९८२ साली निर्माण झालेल्या लातूर जिल्ह्यात ते पुढे समाविष्ट झाले.

लातूरकडील व किनवटकडील सीमांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. बिदर जिल्ह्याचा जो मराठी भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या गाऱ्हाण्यास वाचा फोडणारे एक राज्य सरकार होते, विधिमंडळ होते, वृत्तपत्रे होती. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. त्याचा १९६७ चा निर्णय महाराष्ट्रास अमान्य झाला, तरी पक्षकार म्हणून मराठी भाषिकांचे स्थान कोणी नाकारले नाही. किनवटच्या गोंड व कोलामांना असे स्थान नव्हते. वाद मराठी आणि तेलुगू यांच्यामधला. कोणत्या तालुक्यात या दोहोंपैकी कोणती भाषा अधिक, एवढाच प्रश्न त्यात विचारला जाई. ज्यांची भाषा या दोहोंपैकी नव्हती, त्यांची संख्या गणनेत होती. सीमेच्या प्रश्नात त्यांचा पक्ष नव्हता. एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ सालीच, म्हणजे आयोगाच्या अहवालाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला, हा योगायोग भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ध्यानी घेण्याजोगा आहे.

याचे कारण केवळ अनास्था नव्हे. ते राज्यघटनेतील पद्धतीतही आहे. अनुच्छेद ३ अन्वये सीमाबदलाचे विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे अभिप्रायार्थ जाते. तो अभिप्राय संसदेवर बंधनकारक नसतो, आणि १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने त्यास कालमर्यादाही घातली. पाचव्या अनुसूचीतील जनजाती सल्लागार परिषद केवळ तिच्याकडे सोपविलेल्या बाबींवर सल्ला देते. प्रत्यक्ष रहिवाशांस विचारावे, असे यांपैकी कोठेही सांगितलेले नाही. झारखंडच्या मागणीचा आयोगाने विचार केला, कारण तेथे जयपालसिंग यांचा पक्ष विधानसभेत प्रबळ होता. तीही मागणी अमान्य करताना आदिवासी अल्पसंख्य व अनेक भाषांत विभागलेले आहेत, या मुद्द्यास आयोगाने महत्त्व दिले. आदिलाबादच्या डोंगरात तर असा पक्षही नव्हता.

तथापि हा समाज मुका होता असे मानणे चुकीचे ठरेल. जमीन व जंगल यांवरील हक्कांसाठी उठाव करणारे कुमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांकडून मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून या समाजाच्या स्थितीचा अभ्यास करविला. त्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. आणि १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघून देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. गोंडांना मराठीचा परिचय असल्यामुळे ही लिपी निवडण्यात आली होती.

१९५६ नंतर या दोन्ही गोष्टींना सीमा आडवी आली. केसलापूर आंध्र प्रदेशात गेले. महाराष्ट्रातील गोंड आजही जत्रेस जातात. परंतु तेथील जिल्हाधिकाऱ्याचा अधिकार किनवटच्या शेतावर वा जंगलावर चालत नाही. शाळेत सीमेच्या एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस तेलुगू रूढ झाली, आणि गोंडी दोन्हीकडे वर्गाबाहेर राहिली. देवनागरीतील त्या पुस्तकांचा आधार आदिलाबादकडे नाहीसा झाला. भाषेला न्याय देण्यासाठी आखलेल्या सीमेने एका भाषेचा नुकताच सुरू झालेला शालेय उपयोग खंडित केला, हे या प्रकरणाचे सार होय.

हा प्रश्न केवळ गतकाळचा नाही. २०१४ साली तेलंगणाची निर्मिती होताच पोलावरम धरणासाठी खम्मम जिल्ह्यातील सात मंडलांचा आदिवासीबहुल प्रदेश, आधी अध्यादेशाने व नंतर कायद्याने, आंध्र प्रदेशास जोडण्यात आला. त्या वेळी अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांविषयीचा १९९६ चा कायदा अस्तित्वात होता. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे तो सांगतो; राज्याच्या सीमेविषयी काही सांगत नाही. एका शेताच्या संपादनास जो विचारविनिमय आवश्यक ठरतो, तो शेकडो गावांचे राज्य, शाळेची भाषा व दाद मागण्याचे ठिकाण बदलताना अनावश्यक ठरावा, यातील विसंगती उघड आहे. सीमाप्रश्नाच्या पुढील अभ्यासात दोन राज्यांच्या दाव्यांबरोबर या तिसऱ्या पक्षाचीही नोंद होणे अगत्याचे आहे. त्यासाठी किनवट, माहूर व आदिलाबाद येथील गोंड-कोलाम वृद्धांच्या आठवणींचे त्यांच्याच भाषेत संकलन करणे, हे मराठवाड्यातील भाषा व इतिहास विभागांपुढील तातडीचे कार्य होय.