अ‍ॅव्होकाडो आणि कोयनाकाठचे ताट

मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अ‍ॅव्होकाडो हे फळ गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या फळबाजारात नियमितपणे दिसू लागले आहे. दक्षिणेत त्याला 'बटर फ्रूट' म्हणतात. मराठीत 'लोणीफळ' हा शब्द क्वचित वापरला जातो, आणि त्याच्या गराचा पोत पाहता तो चपखल आहे. दालचिनी व तमालपत्राच्या कुळातील हे झाड विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीलंकेतून भारतात आले. तमिळनाडू, कूर्ग, वायनाड आणि सिक्कीमच्या डोंगराळ भागांत त्याची लागवड होते. मात्र महानगरांत मिळणारी फळे अनेकदा आयात केलेली असतात आणि त्यांची किंमतही तशीच असते. मधुमेह वा कोलेस्टेरॉलच्या धास्तीने ही किंमत मोजणाऱ्याला तिचा मोबदला किती मिळतो, हे म्हणूनच तपासून पाहायला हवे.

इतर फळांच्या तुलनेत अ‍ॅव्होकाडोत साखर नगण्य आणि स्निग्धांश भरपूर असतो. १०० ग्रॅम गरातून सुमारे १६० कॅलरी, १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि जवळपास ७ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. या स्निग्धांशापैकी सुमारे १० ग्रॅम भाग हृदयाला हितकर मानल्या जाणाऱ्या मोनोअनसॅच्युरेटेड प्रकारचा असतो. पोटॅशियमचे प्रमाण केळ्याहूनही अधिक आहे.

या गुणांची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. पोटाचा घेर वाढलेल्या सुमारे एक हजार व्यक्तींपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक अ‍ॅव्होकाडो देण्यात आले. उरलेल्यांनी आपला नेहमीचा आहार चालू ठेवला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साही मंडळींना काहीसे निराश करणारे होते. पोटातील चरबी घटली नाही. 'वाईट' समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल उतरले, पण अवघे अडीच मिलीग्रॅमच्या आसपास. रोज एक स्निग्ध फळ खाऊनही वजन वाढले नाही आणि एकूण आहाराचा दर्जा सुधारला, ही जमेची बाजू. या चाचणीला अ‍ॅव्होकाडो उत्पादकांच्या मंडळाचे अर्थसाह्य होते. तरीही निष्कर्ष असे माफक यावेत, ही गोष्ट त्यांची विश्वासार्हता वाढवणारीच म्हणावी लागेल.

वजन का वाढले नसावे? या फळाने पोट भरते आणि ताटातील दुसरे काहीतरी बाजूला सरते, हे त्याचे संभाव्य उत्तर होय. त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक लोकांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. आठवड्यातून दोन वेळा अर्धे अ‍ॅव्होकाडो खाणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचा एकत्रित धोका १६ टक्क्यांनी कमी आढळला. लोणी, चीज किंवा प्रक्रिया केलेले मांस यांच्या जागी हे फळ आले तर लाभ दिसत होता. पण ऑलिव्ह तेल, कवचफळे किंवा अन्य वनस्पती तेलांच्या जागी आले तर वेगळा लाभ आढळला नाही. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मराठी वाचकाला खरे महत्त्व आहे ते या शेवटच्या निष्कर्षाचे. पाटण तालुक्यातील कोयनानगरच्या परिसराचेच उदाहरण घ्यावे. तेथील डोंगरउतारांवर परंपरेने नाचणी व वरी पिकते, खाचरांत भात होतो. नाचणीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मा स्निग्धांश असून त्यातील निम्मा भाग अ‍ॅव्होकाडोतल्याच प्रकारचा आहे. नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि शेंगदाण्याची वा कारळ्याची चटणी या जेवणात अ‍ॅव्होकाडोचे बहुतेक गुण आधीच हजर असतात. पाटणच्या अनेक घरांतील माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. शहरात पॉलिश केलेला तांदूळ, मैद्याची बिस्किटे, पाव आणि तळलेला फराळ ताटात आला की भाकरी मागे पडते. अशा ताटात पावावरच्या लोण्याऐवजी अ‍ॅव्होकाडो आले तर उपयोग आहे. भाकरी-चटणी हटवून आले तर तो केवळ खर्च होय.

काळजीचे कारण मोठे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागातून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वरकरणी सडपातळ भारतीयांच्या अंगातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळच्या संशोधनातून दाखवून दिले आहे.

कोयनाखोऱ्यात या फळाची बाग करू पाहणाऱ्याने पावसाचा विचार आधी करावा. वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात पाण्याचा उत्तम निचरा नसेल तर अ‍ॅव्होकाडोची मुळे कुजतात.

खाणाऱ्यांसाठी अर्धे फळ पुरेसे आहे. त्यात साधारण एका पोळीइतक्या किंवा थोड्या अधिक कॅलरी असतात. साखर घालून केलेल्या मिल्कशेकमध्ये मूळ हेतूच हरवतो. फळ झाडावर पिकत नाही. कडक मिळाल्यास आंब्याप्रमाणे दोन-चार दिवस ठेवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे, तर रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी आहारात फेरबदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रबराच्या लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना हे फळही सोसत नाही.