मदतकर्मी सुरक्षा

युद्ध, दुष्काळ, साथरोग इत्यादी आपत्तींत मदत पोहोचविणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जीविताचे व शारीरिक-मानसिक आरोग्याचे रक्षण. कायदेशीर पाया १९४९ चे जिनीव्हा करार (पहा : रेडक्रॉस); संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९४ मध्ये स्वतंत्र करार झाला. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कनाल हॉटेलातील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावरील बाँबहल्ल्यात संयुक्त राष्ट्रांचे इराकमधील विशेष प्रतिनिधी सेर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण ठार झाले. त्यानंतर आठवडाभरात सुरक्षा परिषदेने मदतकर्मींच्या संरक्षणाविषयीचा ठराव १५०२ संमत केला. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षा विभाग सुरू झाला. हल्ले व अपहरणांखेरीज रस्ते अपघात, हिवताप आणि साचत जाणारा मानसिक ताण हे नित्याचे धोके (पहा : आघातोत्तर तणाव विकृती). बळींत स्थानिक कर्मचारीच बहुसंख्य; विमा, सुरक्षित स्थलांतर व समुपदेशन मात्र त्यांना परदेशी सहकाऱ्यांपेक्षा बहुधा कमीच मिळते. कर्मचारी असुरक्षित झाले, की त्या प्रदेशातील मदतही थांबते.