जमिनीच्या रिट याचिकेत पक्षकार कोण? वतन जमिनीच्या वारसांसाठी माहिती

समजा, आंबेगाव तालुक्यातील शिनोलीसारख्या गावात एका कुटुंबाची महार वतनाची जमीन आहे. सातबारा आजोबांच्या नावाचा. वारसांपैकी काही गावात, काही मुंबईत, आत्या लग्न होऊन जुन्नरला. एका वारसाने परवानगी न घेता खरेदीखत करून दिले आणि फेरफारही मंजूर झाला. तक्रार घोडेगावच्या तहसील कार्यालयात सुरू होते आणि महसुली अपिलांच्या पायऱ्या चढत मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका म्हणून पोचते. जमीन कोणाची, या प्रश्नाआधी तिथे विचारले जाते: सगळे पक्षकार आले आहेत का?

वतन जमिनीचा कायदा

महारांना गुलामीत ठेवणाऱ्या वतन पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने ही वतने संपली आणि जमीन वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. त्यामुळे वाद दोन खासगी माणसांत दिसला तरी त्यात सरकारी अधिकाऱ्याचा निर्णय असतो. रिट याचिकेचा रस्ता तिथून उघडतो.

आवश्यक पक्षकार, योग्य पक्षकार

उदित नारायण सिंग मालपहारिया खटल्यात (एआयआर १९६३) सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेशच देता येत नाही, तो आवश्यक पक्षकार. ज्याच्याशिवाय आदेश देता येतो, पण वादाचा पूर्ण निकाल लागण्यासाठी ज्याची हजेरी हवी, तो योग्य पक्षकार. बिहारमधील अबकारी परवान्याच्या त्या वादात, ज्यांच्या बाजूने आदेश झाला होता त्यांनाच याचिकेत घेतले नव्हते. याचिका त्यावरच फेटाळली गेली.

म्हणून वरच्या उदाहरणात आदेशाचा लाभ मिळालेला खरेदीदार प्रतिवादी हवाच. त्याने जमीन पुढे विकली असेल, तर नवा खरेदीदारही हवा. शर्तभंगाचा प्रश्न असल्याने राज्य सरकार आणि जिल्हाधिकारी हवेत. जे वारस सोबत अर्जदार व्हायला तयार नाहीत, त्यांना प्रतिवादी करावे. आत्याचे नाव गाळू नये. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि मुलगी वारस आहे.

सरकारचे नाव जोडले म्हणजे रिट होत नाही

महाराष्ट्रातून गेलेल्या शालिनी श्याम शेट्टी विरुद्ध राजेंद्र शंकर पाटील या घरमालक-भाडेकरू वादात सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१० रोजी बजावले की, निव्वळ खासगी मालमत्तेचे वाद अनुच्छेद २२६ खाली आणू नयेत. अशा याचिकेत सगळेच प्रतिवादी खासगी असू शकत नाहीत. सरकारी यंत्रणेशी संगनमत करणारी खासगी व्यक्ती मात्र प्रतिवादी होऊ शकते.

भावाभावांतील वाटणी किंवा बांधाचे भांडण असेल, तर तहसीलदारांचे नाव उगाच घालून उपयोग नाही. तिथे दिवाणी दावाच करावा लागतो. दिवाणी न्यायालयाच्या आदेशावर २२६ खाली रिट चालत नाही, अनुच्छेद २२७ खाली देखरेखीचा अधिकार वापरता येतो, हे राधेश्याम विरुद्ध छबीनाथ (२०१५) निकालाने पक्के केले.

नाव सुटले असेल तर

दुसऱ्याने केलेल्या याचिकेत आपल्या जमिनीचा प्रश्न आहे, पण आपण पक्षकार नाही, असे कळले तर वकिलामार्फत सामील करून घेण्याचा अर्ज करावा. सोबत सातबारा, फेरफार, वारस नोंद आणि वतनाचे जुने कागद जोडावेत. निकालाने आपल्याला फरक पडेल, एवढे सांगणे पुरत नाही. आपल्या कायदेशीर हक्कावर थेट परिणाम होतो, हे दाखवावे लागते. मुंबई महापालिकेच्या नोटिशीवरून झालेल्या रमेश हिराचंद कुंदनमल खटल्यात (१९९२) हेच तत्त्व लावून हिंदुस्थान पेट्रोलियमला पक्षकार करण्यास नकार मिळाला.

खटला चालू असताना पक्षकार वारला तर वारसांची नावे लगेच लावून घ्यावीत. दिवाणी दाव्यात यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. २२६ च्या याचिकेत ती मुदत जशीच्या तशी लागू नसली, तरी वाजवी वेळेत अर्ज करावाच लागतो, असे पूरन सिंग (१९९६) निकाल सांगतो.

कार्यकर्त्यांचे काम

संघटनेला स्वतः पक्षकार व्हावेसे वाटते, पण जमिनीत हक्क नसेल तर अर्ज टिकणे कठीण. त्यापेक्षा वारसांना एकत्र बसवा, वंशावळ लिहून काढा, तहसील कार्यालयातून फेरफारांच्या नकला काढा आणि प्रत्येकाचा आजचा पत्ता मिळवा. वकिलाकडे जाताना ही यादी हातात असू द्या. हक्काची जमीन केवळ एक नाव राहिले म्हणून हातची जाऊ नये.