आदी गज घाल: ठासणीच्या पिस्तुलाची गोष्ट

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना घसरलेली चार वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच.

सिंधुदुर्गात आमच्या घरी ठासणीची बंदूक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना, तेव्हा आजोबांच्या नावावर, आता बाबांच्या. बागेत माकडं उतरली की एक बार काढायचा. माकडं पांगायची आणि पडवीत बराच वेळ गंधकाचा वास राहायचा. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा. न्यायच्या आधी आजोबा नळीत लोखंडी गज सोडून बघायचे. मी मध्येच हात पुढे केला की ओरडायचे, "आदी गज घाल, मगे हात लाव!" मला वाटायचं, म्हातारपणची खोड.

गेल्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे नोकरीच्या गावी, एका नेमबाजी क्लबात पाहुणा म्हणून गेलो. हातात आलं ठासणीचं पिस्तूल. जुन्या घाटाचं, पण नवं बनवलेलं. शिकवणाऱ्या गृहस्थांचा पहिला हुकूम: नळीत गज घाल. गजावर दोन खुणा होत्या. नळी रिकामी असेल तर गज इथवर बुडतो, भरलेली असेल तर तिथवर. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ते मोजायचं. मी क्षणभर पडवीतच जाऊन आलो.

पण क्लबात ठासणीचीच पिस्तुलं का? हौस हे एक कारण. दुसरं कारण कायद्यात आहे, आणि ते सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

१३ मार्च १९९६. स्कॉटलंडमधलं डनब्लेन. एक माणूस परवान्याची चार पिस्तुलं घेऊन प्राथमिक शाळेत शिरला. काही मिनिटांत शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या. सोळा मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. नंतर पालकांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सह्यांची मोहीम उभारली आणि १९९७ मध्ये दोन कायदे होऊन ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. त्यातून जी थोडी सुटली, त्यांत ठासणीची होती. कायद्यातली व्याख्या साधारण अशी: मोकळी दारू आणि वेगळी गोळी, नळीच्या किंवा चेंबरच्या पुढच्या तोंडातून भरायची. परवाना याला लागतोच, दारू बाळगायला वेगळा दाखला लागतो, आणि क्लबात आधी उमेदवारी करावी लागते.

मी सॉफ्टवेअरवाला, व्याख्या दिसली की आधी तिच्या कडा तपासतो. कडा आहे. 'चेंबर' हा शब्द असल्याने कोल्टच्या जुन्या नमुन्याची सहाबारी रिव्हॉल्व्हरंही यात बसतात. म्हणजे संथपणा ही काही पक्की हमी नाही. पण सहा बार संपले की पुन्हा भरायला कित्येक मिनिटं जातात. डनब्लेनच्या त्या मिनिटांशी हे ताडून बघितलं की ही सूट का राहिली असेल ते मला पटतं.

आता भरायचं कसं. दारू शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात, मग मापातून नळीत. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर हातातलं शिंगच फुटेल. मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि गजाने ती दारूवर टेकेपर्यंत खाली. मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. इथेही गजावरची खूणच सांगते की गोळी बसली. आधुनिक बिनधुराची दारू यात चुकूनसुद्धा घालायची नाही, तिचा दाब ही नळी सोसत नाही. सगळ्यात शेवटी, तोंड निशाण्याकडे असतानाच, मागच्या निपलवर तांब्याची छोटी टोपी.

मी काय केलं? दारूच विसरलो. गोळी ठासली, टोपी लावली, चाप ओढला. टक्. बस्स. हा नवशिक्यांचा हमखास घोटाळा म्हणे. पण ते गृहस्थ हसले नाहीत. पिस्तूल बराच वेळ तसंच समोर धरून ठेवायला लावलं, कारण कधीकधी बार उशिरा उडतो.

त्या टोपीमागे एक पाद्री आहे. अलेक्झांडर फोर्साइथ, स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वीचा, शिकारीचा नादी. चकमकीच्या बंदुकीत आधी कानावरची रंजक भडकते, मग आतली दारू. तेवढ्या वेळात पक्षी भडका बघून उडायचे. याने ठोक्याने पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. तांब्याच्या टोप्या त्यानंतर आल्या. पाखरं निसटतात या वैतागातून लष्कराची हत्यारं बदलली.

नळीची परीक्षा बर्मिंगहॅममध्येच होते. १८१३ च्या कायद्याने इथे प्रूफ हाऊस निघालं. नेहमीपेक्षा जास्त भार घालून बार काढायचा, नळी टिकली तर शिक्का. आमच्या भाषेत लोड टेस्टिंग! नवशिक्याने हा शिक्का बघूनच पिस्तूल घ्यावं.

आणि धुणं. जळलेल्या काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपातच उरतो. तो ओल धरतो, नळी गंजवतो. म्हणून त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण. क्लबाच्या मागच्या मोरीत दहा माणसं भांडी घासल्यासारखी पिस्तुलं घासत होती. वास तोच, पडवीतला.

रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, आपल्या गजावर काही खूण आहे का बघा जरा. ते उठले, खुडबुड ऐकू आली. म्हणाले, "आहेत की. दोन. कानशीने पाडलेल्या दिसतात. का रे?"