गोमांस-उत्पादक उपकर, अमेरिकेतील

गुरांच्या विक्रीच्या वेळी मालकाकडून दर जनावरामागे सक्तीने घेतली जाणारी आणि गोमांसाचा प्रचार, ग्राहकशिक्षण व संशोधन या समाईक कामांसाठीच खर्च केली जाणारी रक्कम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) ती ‘बीफ चेकऑफ’ या नावाने ओळखली जाते. ती विक्रीच्या रकमेतून परस्पर कापून घेतली जाते. सरकारी खजिन्यात जमा होत नसल्याने तिला रूढ अर्थाने कर म्हणता येत नाही. परंतु ती नाकारण्याची मुभाही उत्पादकाला नसते. या दुहेरी स्वरूपातूनच तिच्या इतिहासातील बहुतेक वाद उद्‌भवले आहेत.

तात्त्विक भूमिका : शेतमालाचे बहुतेक प्रकार एकजिनसी असतात. एका पशुपालकाचे मांस दुसऱ्याच्या मांसापेक्षा वेगळे म्हणून ग्राहकाला ओळखता येत नाही. त्यामुळे एखाद्याने स्वखर्चाने जाहिरात केली किंवा संशोधन करविले, तरी त्याचा लाभ सर्वांना मिळतो. सर्वांना लाभ आणि खर्च मात्र एकाला, अशी स्थिती असल्यास स्वेच्छेने कोणी पुढे येत नाही. सर्वांकडून सारखी रक्कम घेणे हा यावरील उपाय होय. भारतातही ही कल्पना जुनी आहे. १९२३ च्या कापूस उपकर अधिनियमान्वये कापसाच्या गाठींवर बसविलेल्या उपकरातून भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचे कार्य चाले आणि समितीने १९२४ मध्ये मुंबईत माटुंगा येथे तंत्रविषयक प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे भर संशोधनावर होता. अमेरिकेतील गोमांस उपकरात मात्र जाहिरातीला फार मोठे स्थान मिळाले.

पूर्वेतिहास : अ. सं. सं. मध्ये १९२२ साली ‘नॅशनल लाइव्हस्टॉक अँड मीट बोर्ड’ ही संस्था निघाली. रेल्वेने पाठविलेल्या गुरांच्या दर डब्यामागे ५ सेंट अशी ऐच्छिक वर्गणी तिला मिळे. पुढे काही राज्यांनी आपापले कायदे करून स्वतंत्र उपकर बसविले. १९७६ च्या सुमारास देशातील दरडोई गोमांसाचा खप वर्षाला सुमारे ९४ पौंडांच्या (सु. ४३ किग्रॅ.) उच्चांकाला पोहोचला, त्यानंतर तो घसरू लागला. कोंबडीचे मांस स्वस्त झाले होते. शिवाय अमेरिकन सेनेटच्या एका समितीने १९७७ मध्ये आहारविषयक उद्दिष्टे प्रसिद्ध करून संपृक्त मेदाचे सेवन कमी करण्याचा सल्ला दिला होता.

१९७६ मध्ये काँग्रेसने गोमांस संशोधन व माहितीविषयक कायदा संमत केला. त्यातील उपकर गुरांच्या मूल्याच्या प्रमाणात आकारला जाणार होता. तथापि तो लागू होण्यास मतदान करणाऱ्या उत्पादकांपैकी दोन-तृतीयांशांची संमती आवश्यक होती. १९७७ च्या मतदानात निम्म्याहून अधिक मते अनुकूल पडली, पण आवश्यक प्रमाण गाठले गेले नाही. नंतर साध्या बहुमताची अट ठेवण्यात आली. तरीही १९८० च्या मतदानात उत्पादकांनी योजना फेटाळली.

१९८५ चा कायदा : दोन अपयशांवरून योग्य तो बोध घेऊन १९८५ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गोमांस प्रचार व संशोधन कायदा समाविष्ट करण्यात आला. मूल्याधारित आकारणी सोडून दर जनावरामागे सरसकट एक डॉलर हा सुटसुटीत दर ठरविण्यात आला. आयात गुरे व गोमांस यांवरही तेवढाच भार ठेवण्यात आला. मुख्य म्हणजे मतदान आधी न घेता वसुली आधी सुरू करावी, असे ठरले. १ ऑक्टोबर १९८६ पासून वसुली सुरू झाली. मतदान होईपर्यंत नाराज उत्पादकाला रक्कम परत मागता येत असे. मे १९८८ च्या मतदानात सुमारे ७९ टक्के मते अनुकूल पडली. त्यानंतर परताव्याची सोय संपली आणि उपकर पूर्णतः सक्तीचा झाला.

कार्यपद्धती : जनावराची मालकी बदलते त्या प्रत्येक वेळी उपकर द्यावा लागतो. कुरणावर जन्मलेले वासरू आधी चारणाऱ्याकडे, तेथून ‘फीडलॉट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुष्टिकेंद्राकडे व शेवटी कत्तलखान्याकडे विकले गेले, तर एकाच जनावरावर तीन डॉलर जमा होतात. दहा दिवसांच्या आत फेरविक्री करणाऱ्या दलालाला विहित घोषणापत्र दिल्यास सूट मिळते. रक्कम खरेदीदार किंवा बाजारचालक कापून घेतो व राज्याच्या मान्यताप्राप्त गोमांस परिषदेकडे भरतो. परिषद डॉलरमागे ५० सेंटपर्यंत रक्कम स्वतःच्या कार्यक्रमांसाठी ठेवू शकते. उरलेली राष्ट्रीय मंडळाकडे जाते. मंडळाचे सदस्य उत्पादक व आयातदार यांच्या संघटनांनी सुचविलेल्या नावांतून कृषिमंत्री नेमतो. खर्चाचे निर्णय वीस जणांची कार्यकारी समिती घेते. तिच्यात दहा सदस्य मंडळाचे व दहा राज्य परिषदांच्या महासंघाचे असतात. मंडळाचा प्रशासकीय खर्च अपेक्षित उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, तसेच हा पैसा शासकीय धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी वापरू नये, असे निर्बंध आहेत.

प्रचार व संशोधन : या निधीतून १९९२ मध्ये ‘रात्रीच्या जेवणाला गोमांसच’ अशा आशयाची घोषणा असलेली जाहिरातमोहीम सुरू झाली. अभिनेते रॉबर्ट मिचम यांचा आवाज आणि संगीतकार एरन कोपलंड यांच्या ‘रोडिओ’ या नृत्यरचनेतील संगीत यांमुळे ती घरोघर पोहोचली. संशोधनाचे फळ कमी गाजले, पण अधिक टिकाऊ ठरले. नेब्रॅस्का व फ्लॉरिडा येथील विद्यापीठांत खांदा व मागील मांडी या स्वस्त भागांतील स्नायूंचा एकेक करून अभ्यास झाला. खांद्यातील एका स्नायूमधून चिवट संयोजी ऊतकाचा पडदा काढून टाकल्यास अतिशय मऊ मांस मिळते, असे आढळून आले. ‘फ्लॅट आयर्न’ या नावाने ते विकले जाऊ लागले आणि पूर्वी खिमा होणाऱ्या भागाला चांगला भाव आला. १९९३ मध्ये पश्चिमेकडील राज्यांत ई. कोलाय जंतूंमुळे विषबाधा होऊन चार मुले दगावली. त्यानंतर कातडीवरील व सोललेल्या धडावरील जंतू घटविण्याच्या पद्धतींच्या अभ्यासालाही उपकरातून पैसा मिळाला.

न्यायालयीन वाद : उपकराला खरा विरोध त्यातून निघणाऱ्या संदेशाला होता. आपले देशी मांस आयात मांसाहून वेगळे आहे असे सांगू इच्छिणाऱ्या पशुपालकाच्या पैशातून ‘गोमांस सारे एकच’ असा प्रचार होत होता. १९९९ मध्ये विरोधकांनी फेरमतदानासाठी लाखाहून अधिक सह्या सादर केल्या. परंतु २००१ मध्ये वैध सह्या अपुऱ्या असल्याचे कृषिखात्याने जाहीर केले. तत्पूर्वी दाव्यास सुरुवात झाली होती. अळंबी उत्पादकांवरील अशाच सक्तीच्या वर्गणीस सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये घटनाबाह्य ठरविले. त्या आधारे कनिष्ठ न्यायालयांनी गोमांस उपकरही भाषणस्वातंत्र्याविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. २३ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी फिरविला. संदेशावर कृषिमंत्र्याचे अंतिम नियंत्रण असल्याने ते शासनाचे भाषण ठरते आणि शासनाच्या भाषणासाठी पैसा देण्यास नागरिक नकार देऊ शकत नाही, अशी बहुमताची भूमिका होती. न्यायमूर्ती सूटर यांनी भिन्न मत नोंदविले. जाहिरातींवर ‘अमेरिकेच्या गोमांस उत्पादकांच्या निधीतून’ असे छापलेले असते. मग हे शासनाचे बोलणे आहे हे वाचकाने कशावरून ओळखावे, असा त्यांच्या मताचा आशय होता. राज्य परिषदांच्या जाहिरातींबाबतचा वाद पुढेही चालला. संघराज्याच्या नवव्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये कृषिखात्याशी करार केलेल्या परिषदांच्या बाजूने निकाल दिला.

मूल्यमापन : २००६–१३ या काळात राष्ट्रीय मंडळाने खर्चिलेल्या दर डॉलरमागे उद्योगाला ११·२० डॉलर परतावा मिळाला, असा निष्कर्ष मंडळानेच करविलेल्या अभ्यासात निघाला. हा आकडा सरासरीचा आहे. लाभाची वाटणी कशी झाली, ते त्यावरून समजत नाही. पुष्ट गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के चार कंपन्यांच्या हाती असताना वाढलेल्या मागणीचा किती भाग वासरू वाढविणाऱ्यापर्यंत झिरपतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसरीकडे डॉलरचा राष्ट्रीय दर १९८६ पासून तोच राहिल्याने भाववाढीत त्याची क्रयशक्ती निम्म्याहूनही कमी झाली. काही राज्यांनी म्हणून स्वतःचा जादा उपकर बसविला. १९८८ नंतर राष्ट्रीय मतदान झालेले नाही. परिणामी त्या वेळी ज्यांनी संमती दिली, त्यांच्या पुढच्या पिढीतील पशुपालक तो डॉलर आजही देत आहेत. सक्तीची वर्गणी समाईक हित साधू शकते, हे स्नायूंच्या व जंतूंच्या संशोधनावरून दिसते. त्या पैशाने कोणाचा आवाज बुलंद होतो, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने कायद्यापुरते दिले असले, तरी गुरांच्या बाजारात तो मिटलेला नाही.