मुंबई पाहण्याचा दिवस



परगावाहून आलेल्या पाहुण्याला एका दिवसात मुंबईत काय काय दाखवावे, याची यादी आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ आहे. गेटवे, म्युझियम, राजाबाई टॉवर, राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि दिवेलागणीला चौपाटीवरची भेळ. या यादीला आमचे काही म्हणणे नाही. मुंबई हे पाहण्याजोगे शहर आहे, हे गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ सालीच ‘मुंबईचे वर्णन’ लिहून मराठी वाचकाला सांगून ठेवले आहे. परंतु शहर पाहायला जसे डोळे लागतात, तसा हातात एक मोकळा दिवसही लागतो. तो दिवस कष्टकरी माणसाच्या पदरात कोठून आला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही त्या दिवसाचाच इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत.

या शहरात एकट्याने हिंडणारा माणूस म्हटला की हल्ली हातात नकाशा घेतलेला प्रवासी डोळ्यांपुढे येतो. पण मुंबईचा खरा जुना एकटा माणूस म्हणजे कोकणातून, घाटावरून पोट भरायला आलेला गडी. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली तिचे काम सुरू झाले. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या, तसे रत्नागिरी-साताऱ्याकडचे तरुण मुंबईला लागले. बायकामुले गावी, शेतीचा तुकडा गावी, देव गावी. आणि मुंबईत काय, तर गाववाल्यांच्या खोलीत एका पथारीपुरती जागा व खानावळीतले दोन वेळचे जेवण. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागेवर दुसरीने अंग टाकायचे. अशा माणसाला हे शहर पाहावेसे वाटत नव्हते काय? वाटत होते. पण पाहायचे केव्हा? तो पहाटे गिरणीत शिरे तो दिवस मावळल्यावर बाहेर पडे. आठवड्याच्या सुट्टीचा नियम नव्हता. सणावारी गिरणी बंद राहिली तर राहिली.

१८७५ साल येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत गिरणीमालकांनी आपली संघटना बांधली. एकीकडे सुशिक्षितांना ज्ञानासाठी संध्याकाळ राखून ठेवावीशी वाटली. दुसरीकडे मालकांना एकजुटीची गरज कळली. मजुराजवळ मात्र ना संध्याकाळ होती, ना संघटना.

ही उणीव ज्याने ओळखली त्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक पंथातला हा कार्यकर्ता. काही काळ गिरणीत नोकरी केलेला. १८८० पासून मुंबईतून ‘दीनबंधू’ चालवणारा. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातल्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आणि यंत्राने अंगाला इजा झाली तर बरे होईपर्यंत पोट चालावे. यांत पगारवाढीचे कलम नाही! पैशाच्या आधी त्यांनी वेळ मागितला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही या मागणीच्या बाजूने सांगितले जाई. म्हणजे साहेबाची रीत आणि आपला कुळाचार एकाच वारावर आणून बसवला गेला.

मागणी पदरात पडायला आणखी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, दहा हजार माणसांपुढे, गिरणीतल्या बाया उभ्या राहून बोलल्या! त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला सरकारी आधार मिळाला.

तेव्हा आपण जो रविवार सहजपणे कॅलेंडरवर लाल अक्षरांत पाहतो, तो असा सभा भरवून, अर्ज करून, पुन्हा सभा भरवून मिळवलेला आहे. मिळाल्यावरही तो पुरता हाती लागला असे नाही. सुट्टीच्या दिवशी यंत्रांच्या साफसफाईसाठी माणसांना बोलवायचे आणि अर्धा दिवस कापायचा, ही चाल होतीच. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. चौदा-पंधरा तास साचे चालू लागले. त्याविरुद्ध कामगारांना रस्त्यावर यावे लागले. १९११ च्या कायद्याने बारा तास, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा, अशा पायऱ्या उतरत उतरत १९४६ साली आठवड्याला ४८ तासांपर्यंत आपण आलो. एकेका तासामागे एक एक पिढी गेली, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता या दिवसाचे सोने कसे करावे, ते सांगतो. गावाकडून आलेल्या तरुण कार्यकर्त्याला आम्ही नेहमी सांगतो की एक रविवार मोकळा काढ आणि एकटाच हिंड. जथ्याबरोबर गेलास तर पुढारी दाखवील तेच दिसेल. एकटा गेलास तर वाट विचारावी लागेल, आणि वाट विचारणाऱ्याला लोक वाटेबरोबर गोष्टही सांगतात.

सकाळी गिरगावात सुरुवात करावी. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. तेथून चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्याशी यावे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. तो संप पगारासाठी नव्हता, सुट्टीसाठीही नव्हता. स्वतःसाठी वेळ मिळवलेल्या माणसाला देशासाठी वेळ द्यावासा वाटतो, याचा तो पुरावा.

मग भायखळ्याला राणीच्या बागेत जावे. ही बाग १८६२ ची, शेजारचे म्युझियम १८७२ चे. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. घारापुरीचा मोठा दगडी हत्ती इंग्रजांनी विलायतेला न्यायचा घाट घातला, तो उचलताना फुटला आणि अखेर १९१४ साली येथे पुन्हा जोडून उभा केला. तुकडे झालेली गोष्टही सांधता येते, हे या हत्तीपाशी जरूर ध्यानात घ्यावे. गिरणगावाच्या उंबऱ्यावरची ही बाग म्हणजे कामगाराच्या रविवारची हक्काची जागा.

तेथून लालबाग-परळ. येथे चिमण्या मोजायला जाल तर फार वेळ लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बहुतेक गिरण्या पुढे पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. फिनिक्स गिरणीच्या जागी आज बाजार आहे, आणि तिची चिमणी त्यात शोभेसाठी उभी आहे. पण परळात निव्वळ गिरण्याच होत्या असे समजू नये. बारादेवीच्या देवळात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे प्रचंड शिवशिल्प आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना ते जमिनीतून वर आले. जवळच परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून सुमारे वीस वर्षे राहिले. चाळीच्या खोलीतून दादरच्या ‘राजगृहा’पर्यंतचा आणि तेथून चैत्यभूमीपर्यंतचा रस्ता तासाभरात चालून होतो, पण त्यात केवढा इतिहास सामावला आहे! सूर्य मावळताना चैत्यभूमीजवळ समुद्रावर बसावे आणि दिवसभर काय पाहिले याचा ताळा करावा.

या ताळ्यात एक रकाना रिकामा राहतो, तो स्त्रियांचा. पुरुषाला रविवार मिळाला तेव्हा बाईच्या वाट्याला आठवड्याचे धुणे आले. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायांना तर रविवार म्हणजे जास्त कामाचा दिवस. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे या बाया सावकाराच्या तावडीतून सुटू लागल्या. १८९० च्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या होत्या. त्यांच्या लेकीसुनांना मात्र एक मोकळी संध्याकाळ मिळवायला केवढी वाट पाहावी लागली!

आजची स्थिती काय आहे? पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले. २०१२ पासून सोडती निघाल्या, पण बहुतेकांना घर मिळालेले नाही. जे शहर त्यांनी उभे केले, तेथे त्यांनी पाहुण्यासारखे रविवारी येऊन जावे, असा काहीसा प्रकार झाला आहे. आणि गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या बाजाराच्या दारातला रखवालदार पाहा, दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारा पोरगा पाहा. बारा तास उभे राहणे, सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे बुडणे. लोखंड्यांच्या अर्जातले पहिलेच कलम या पोरांना पुन्हा लिहावे लागणार, असे दिसते.

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी मुंबई पाहायला अवश्य जा, एकट्याने जा, पायी जा. वाटेत जो कोणी तुम्हांला पाणी देईल, वाट दाखवील, दार उघडील, त्याला एक प्रश्न विचारा : ‘बाबा रे, तुझी सुट्टी कोणत्या वारी?’ त्याला उत्तर देता आले नाही, तर १८८४ साली सुरू झालेले काम अजून पुरे झालेले नाही, असे समजा. आणि त्या कामाला हात लावा.