व्हॅनिलाच्या फुलातला पडदा

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडची, ऑर्किडच्या कुळातली वेल. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर ती रुजली, फुलली. पण शेंग धरेना. तिच्या फुलात पराग आणि स्त्रीकेसराचे टोक यांच्यामध्ये पातळ पडदा असतो, आणि पराग पलीकडे नेणारे मायदेशीचे कीटक बेटावर नव्हते.

१८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मोरेन यांनी हाताने परागीभवन करून शेंगा मिळवल्या. मळ्यात चालेल अशी सोपी रीत मात्र १८४१ मध्ये रीयुनियनवरच सापडली. ती शोधणारा एडमंड हा बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. बारीक काडीने पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा, एवढेच!

पुढे रिशार नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने या श्रेयावर हक्क सांगितला. गुलामाच्या शब्दाला वजन कुठले? एडमंडचा मालक बेलिए-बोमाँ याने पत्र लिहून मुलाची बाजू मांडली. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, एडमंडला ‘आल्बियुस’ हे आडनाव मिळाले. १८८० मध्ये तो दारिद्र्यातच वारला. व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही त्याचीच रीत चालते. वनस्पतिशास्त्राचा इतिहास शोधताना प्रयोगशाळेच्या दप्तराबरोबर मळ्यातले हातही पाहावे लागतात, ते यासाठी.